सांगलीची पेठ आणि दिवाळीचे गिऱ्हाईक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या पेठेत दिवाळीचे गिऱ्हाईक कमी होत चालले आहे आणि पेठ अडचणीत आहे, असे माझे म्हणणे आहे. ते गिऱ्हाईक परत आणण्यासाठी आपण व्यापाऱ्यांनी काय करावे, याविषयीचे हे प्रश्न आणि उत्तरे.

पेठ म्हणजे नेमका कोणता भाग येथे धरला आहे?

गणपती पेठ, कापड पेठ, सराफ कट्टा, हरभट रोड, मारुती रोड, शिवाजी मंडई आणि त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या, एवढा भाग येथे पेठ म्हणून धरला आहे. थोरले चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी 1801 मध्ये मिरजेपासून वेगळे होऊन सांगलीला आपली राजधानी केली, आणि कृष्णाकाठचे गणपती मंदिर व राजवाडा यांच्या आधाराने हा बाजार वाढत गेला. विश्रामबाग, कुपवाड आणि मिरज यांचे प्रश्न निराळे आहेत, म्हणून ते येथे घेतलेले नाहीत. ही उत्तरे लिहिणारा मी कापड पेठेत दुकान असलेल्या घरातला आहे, त्यामुळे उदाहरणे कापडाची जास्त येतील, ती वाचकांनी चालवून घ्यावीत.

दिवाळीत मारुती रोडवर पाय ठेवायला जागा नसते. मग पेठ अडचणीत आहे असे कसे म्हणता?

गर्दी रस्त्यावर असते. दुकानाची पायरी चढणारे त्यातले थोडेच असतात. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे वीस दिवस पूर्वी खरेदीचे असत. घरातल्या बायका एकदा साड्या पाहून जात, दुसऱ्यांदा मुलांना घेऊन येत, आणि तिसऱ्यांदा राहिलेसाहिलेले नेत. आता तीच सगळी ये-जा वसुबारसेच्या आगेमागे चार-पाच दिवसांत कोंबली गेली आहे, आणि त्या दिवसांत येणारा माणूस पणत्या, रांगोळी, उटणे, आकाशकंदील आणि लक्ष्मीपूजनाचे साहित्य घेऊन गर्दीतून कसाबसा बाहेर पडतो. कपडे, भांडी, मिक्सर, मोबाइल अशी मोठ्या रकमेची खरेदी त्याने तोवर दुसरीकडे उरकलेली असते. पेठेची खरी ओळख दसऱ्यानंतरच्या एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी चार वाजता होते. त्या वेळी गादीवर बसून रस्त्याकडे पाहिले, तर हा प्रश्न विचारायची गरज पडत नाही.

ऑनलाइन खरेदी हेच खरे कारण आहे ना?

ते एक कारण आहे, पण आधीचे नाही. फ्लिपकार्टने आपली सणाची मोठी सवलत-विक्री 2014 मध्ये सुरू केली, ॲमेझॉन त्याच सुमारास त्या मार्गाने गेले, आणि दोघांनीही मुद्दाम दसरा-दिवाळीच्या आधीचा काळ धरला, म्हणजे दिवाळीचा पैसा पेठेत यायच्या आधीच वाटेत गाठला. मोबाइल, बूट आणि विजेची उपकरणे यांचे गिऱ्हाईक त्याने निश्चित नेले.

पण शहर त्याच्या किती तरी आधी सरकू लागले होते. गावभागातली आणि खणभागातली घरे विश्रामबागेकडे गेली, आणि महापुरांनी त्याला वेग दिला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास चढले आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा सुमारे 55 फुटांपर्यंत आले. 2005 चा पूर त्याआधीचा. आमच्या दुकानात 2019 च्या पाण्याची रेघ भिंतीवर अजून दिसते. रंग दिला तरी पावसाळ्यात ती ओल धरून वर येते. दर पुरानंतर काही कुटुंबांनी उंचावरचे घर पाहिले, काही व्यापाऱ्यांनी गोदाम हलवले.

याचा बाजारावर झालेला परिणाम असा. गावभागात राहणाऱ्या माणसाला पेठ वाटेवर लागत असे. तो भाजीला निघाला तरी दोन दुकाने पाहून येई. विश्रामबागेत राहणाऱ्याला पेठेत मुद्दाम यावे लागते. मुद्दाम येणारा माणूस गाडी घेऊन येतो, ती लावायला जागा मिळाली नाही तर दोन फेऱ्या मारतो, आणि तिसऱ्या फेरीला मिरज रस्त्यावरच्या एखाद्या मोठ्या दुकानाकडे वळतो. दर पाहायची वेळच त्याच्यावर येत नाही.

मग दुकानांसमोरची जागा अडवतो कोण?

बहुतेक वेळा आपणच. हे उत्तर व्यापाऱ्यांच्या बैठकीत दिले की शांतता पसरते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

बारा फूट दर्शनी रुंदीचे दुकान धरा. दुचाकी आडवी न लावता रांगेत उभी लावली, तर एका गाडीला साधारण अडीच ते तीन फूट लागतात. म्हणजे दुकानासमोर चार गाड्या राहतात. मालकाची एक, मुलाची एक आणि दोन कामगारांच्या दोन, अशा चार गाड्या सकाळी दहालाच लागतात आणि रात्री नऊला हलतात. गिऱ्हाईक येण्याआधी दुकान भरलेले असते, फक्त बाहेरून. हीच गोष्ट रांगेतल्या प्रत्येक दुकानाची आहे. एका गिऱ्हाइकाला खरेदीला अर्धा-पाऊण तास लागतो असे धरले, तर आपल्या एका गाडीने दिवसभरात पंधरा-वीस गिऱ्हाइकांची जागा खाल्लेली असते.

आमच्याकडे हा वाद घरातच झाला. मी गाडी लांब लावायला लागलो तेव्हा नाना म्हणाले, "दुकानापुढं गाडी नसली की दुकान बंद वाटतं रे." त्यांची जुनी स्कूटर पंचवीस वर्षे त्याच खांबाला टेकून उभी असे, आणि गिऱ्हाईक तिच्यावरून ओळखत असे की मालक आत आहेत. त्यांचे म्हणणे अगदी चुकीचे नव्हते. तरी आठ दिवसांनी एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन अगदी पायरीशी गाडी लावून आत आल्या, दोन साड्या आणि परकर घेऊन गेल्या, आणि नानांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

उपाय सरळ आहे, अवघड आहे तो सर्वांनी एकाच दिवशी पाळणे. दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंत मालक आणि कामगार यांच्या गाड्या पेठेच्या कडेला एका ठरलेल्या जागी लावाव्यात. शाळांना दिवाळीची सुटी लागली की पटांगणे रिकामी असतात, आणि त्याआधीचे रविवारही रिकामेच असतात. संस्थाचालकांना लेखी विनंती करून, राखणदाराचा खर्च व्यापाऱ्यांनी उचलून, ही जागा मिळवता येते. एकट्या दुकानदाराने आपली गाडी हलवली तर त्या जागी शेजाऱ्याची गाडी येते, म्हणून हा निर्णय गल्लीवार व्हायला हवा.

सणापुरते पार्किंग मोफत ठेवावे का?

मोफत ठेवावे, पण मुदतीचे. अमेरिकेत रस्त्यावरच्या पार्किंगचे पहिले मीटर 1935 मध्ये ओक्लाहोमा सिटीत बसले, आणि तेथील अनेक गावे आजही नाताळच्या आठवड्यांत गिऱ्हाईक यावे म्हणून मीटरवर पिशवी घालून पार्किंग फुकट करतात. कॅलिफोर्नियातील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी या विषयाचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचे म्हणणे असे की फुकट आणि बेमुदत जागा सकाळी लवकर येणारा अडवतो, आणि सकाळी लवकर येणारा हा गिऱ्हाईक नसतो. प्रत्येक रांगेत एक-दोन जागा कायम मोकळ्या राहतील असा दर असावा, असे त्यांनी सुचवले.

सांगलीत सणाच्या दिवसांत शुल्क लावले तर पहिल्याच तासाला भांडणे होतील, म्हणून पैशांऐवजी वेळ मोजावा असे मला वाटते. दोन तासांची मर्यादा, टायरवर खडूची खूण, आणि वाहतूक पोलिसांबरोबर गल्लीतले दोन तरुण. एवढ्यावर काम भागते.

रस्ता वाहनांना पूर्ण बंद केला तर?

डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, स्ट्रॉयेट हा बाजाराचा रस्ता 1962 मध्ये वाहनांना बंद झाला आणि तो प्रयोग यशस्वी ठरला. त्याआधी 1959 मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावाने हेच केले होते. ते अमेरिकेतले पहिले उदाहरण, पण पुढे त्या रस्त्याचा काही भाग वाहनांना पुन्हा खुला करावा लागला. आपल्याजवळ पुण्याची महापालिका 11 डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर चालणाऱ्यांसाठी राखते. या तिन्हींतून एवढेच कळते की रस्ता बंद करणे हा स्वतंत्र उपाय नाही. आजूबाजूला वस्ती असेल, सार्वजनिक वाहन जवळ येत असेल, गाडी लावायला कडेला सोय असेल, तरच तो लागू पडतो.

गणपती पेठेत अजून हमाल, हातगाड्या आणि टेम्पो यांच्यावर धंदा चालतो. तो रस्ता दिवसभर बंद केला तर किराणा मालाचे ठोक व्यापारी उद्याच हलतील. मारुती रोड आणि कापड पेठ हा भाग मात्र दिवाळीआधीचे रविवार आणि शेवटचे चार दिवस, संध्याकाळी पाच ते नऊ, वाहनांना बंद ठेवून पाहण्यासारखा आहे. माल उतरवणे सकाळी दहाच्या आत संपवावे, आणि रुग्णवाहिका व अग्निशमनाची गाडी जाईल एवढा पट्टा मधोमध मोकळा ठेवावा. मंडपाचे बांबू त्या पट्ट्यात येत नाहीत ना, हे आदल्या रात्री कोणी तरी फिरून पाहावे.

फेरीवाले हटवले की गिऱ्हाईक परत येईल का?

नाही. पणत्या, रांगोळीचे रंग, झेंडूची फुले, किल्ल्यावरची मातीची चित्रे आणि बोळकी ही दिवाळी दुकानात मिळत नाही, ती पालावर आणि पथारीवरच मिळते. त्यासाठी आलेला माणूस काचेतली साडी पाहतो. पथारी उठवली तर त्याला पेठेत येण्याचे निम्मे कारण उरत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचे असते, आणि जागा ठरवण्याचे काम नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्याने करायचे असते. या समितीत किमान 40 टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते असावे लागतात आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया. व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधीने त्या बैठकीत ऑगस्टमध्येच बसावे, ऐन धनत्रयोदशीला निवेदन घेऊन जाऊ नये.

येथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. काही ठिकाणी दुकानदारच आपल्यासमोरचा रस्ता सणापुरता विक्रेत्याला भाड्याने देतो आणि शेजारच्या विक्रेत्याविरुद्ध अतिक्रमणाची तक्रार करतो. ही दुहेरी चाल बंद झाल्याशिवाय महापालिकेपुढे आपले म्हणणे टिकत नाही. दुकानाच्या दारासमोर चार फूट वाट मोकळी, दोन्ही बाजूंना पांढरी रेघ, आणि रेघेपलीकडे विक्रेता, एवढा नियम दोघांनाही पाळता येतो.

दिवाळीत कोणाच्या हातात पैसा असतो, हे आधी कसे ओळखावे?

पंचांगाबरोबर पिकाचे वेळापत्रक पाहावे. आपल्याकडे सगळे शेतकरी दिवाळीला सारखे सुखी नसतात, आणि पेठेतले बरेचसे अंदाज येथेच चुकतात.

तासगाव आणि मिरज पूर्व भागातला द्राक्ष बागायतदार दिवाळीच्या सुमारास छाटणी, औषधे आणि मजुरी यांत बुडालेला असतो. त्याचा पैसा जानेवारीनंतर द्राक्षे निघाली की येतो, आणि बेदाणा केला असेल तर आणखी उशिरा. हळदीचे तसेच, हळद उन्हाळ्याच्या तोंडाला बाजारात येते. या घरांना ऑक्टोबरमध्ये पैठणी दाखवण्यात अर्थ नाही. त्यांना दिवाळीत मुलांचे कपडे हवे असतात, मोठी खरेदी ती पाडव्याला, म्हणजे गुढीपाडव्याला, किंवा लग्नसराईत करतात. याउलट वाळवा, पलूस आणि शेजारच्या शिरोळ तालुक्यात सोयाबीनचे पैसे नुकतेच आलेले असतात, आणि कारखान्याने आधीच्या हंगामाचा राहिलेला हप्ता दिवाळीआधी सोडला तर त्या आठवड्यात गिऱ्हाईक दिसते. तो हप्ता कधी पडतो याची बातमी वर्तमानपत्रात येते. ती कात्री लावून गल्ल्याजवळ चिकटवावी.

खानापूर आणि आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यामुळे देशभर पसरलेले आहेत. त्यांच्यापैकी जे दिवाळीला गावी येतात त्यांचे मुक्काम मोजके असतात. हे गिऱ्हाईक परगावचे बाजार पाहिलेले, भाव माहीत असलेले आणि घासाघिशीत वेळ न घालवणारे असते. त्यांना दुकान सकाळी साडेनऊला उघडे लागते. अकरा वाजता कुलूप उघडून, मग झाडलोट आणि मग देवाला उदबत्ती, हे त्यांच्याजवळ चालत नाही.

नोकरदारांचा बोनस आणि पगार यांविषयी सगळ्यांनाच माहिती असते.

एसटीने येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी काय करता येईल?

सगळे प्रयत्न गाडीवाल्याभोवती फिरतात, आणि ही बाजू राहून जाते. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. कवठे महांकाळ, तासगाव, जत या बाजूंनी दोघी-तिघी मिळून सकाळी निघतात, स्टँडवरून चालत पेठेत येतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. या गिऱ्हाइकाला पार्किंग नको असते, पण सामान ठेवायला जागा, प्यायला पाणी आणि स्वच्छ शौचालय हवे असते.

मागच्या दिवाळीतला एक प्रसंग डोळ्यांसमोर आहे. दोघी जावा दुकानात आल्या. एकीच्या हातात फराळाच्या डाळींची पिशवी, दुसरीच्या हातात पत्र्याचा डबा. एक साडी पाहत होती तेव्हा दुसरी उभी राहून पिशव्या सांभाळत होती, आणि दर पाच मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. मी डबा गादीखाली सरकवून दोघींना बसायला सांगितले. मग धाकटीने हळू आवाजात विचारले, "इथं बायकांची सोय कुठं हाय का ओ?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दुसरी साडी न पाहता उठून गेल्या.

म्हणून सणाच्या वर्गणीतला पहिला खर्च शौचालयावर करावा असे माझे ठाम मत आहे. महापालिकेची शौचालये आहेत तेथे सणाचे पंधरा दिवस स्वतंत्र सफाई कामगार आणि पाण्याची सोय ठेवावी, नाहीत तेथे फिरती शौचालये मागवावीत, आणि त्यांकडे जाणाऱ्या वाटेच्या पाट्या प्रत्येक चौकात लावाव्यात. त्याच्या जोडीला एखाद्या रिकाम्या गाळ्यात पावती देऊन पिशव्या सांभाळण्याची सोय केली, आणि शेवटच्या गाड्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहिल्या, तर ज्या बाया तीन वाजता परतीला लागतात त्या पाचपर्यंत थांबतील.

ऑनलाइनच्या किमतीशी बरोबरी कशी करायची?

करू नये; त्यात आपण बुडू. मोबाइलवर दाखवलेली किंमत गिऱ्हाइकाने पुढे केली की चिडून "मग तिथूनच घ्या" म्हणणे मात्र सोडले पाहिजे. ते म्हणून झाल्यावर तो खरेच तिथून घेतो.

पेठेजवळ असे काय आहे जे खोक्यात घालून पाठवता येत नाही, ते पाहावे. साडी घेतली की फॉल-बिडिंग आणि पिको त्याच गल्लीत होते. लहान मुलाचा झब्बा लांब झाला तर पलीकडचा शिंपी तो तासाभरात खाली दुमडून देतो. सराफ कट्ट्यावर जुनी अंगठी वितळवून तिची नथ घडवता येते. कुकरची शिटी आणि गॅसकेट मिळते, पितळेच्या समईला वात लावण्याची जीभ वेगळी बसवून मिळते. ही सगळी कामे करणारी माणसे एकमेकांपासून दोनशे पावलांच्या आत आहेत, पण विश्रामबागेतल्या नव्या सुनेला ती माहीत नाहीत. दुकानातल्या बिलाच्या पाठीमागे शिंपी, पिकोवाली, भांडी दुरुस्त करणारा यांची ठिकाणे त्यांच्या संमतीने छापली तर छपाईचा खर्च तेवढाच राहतो.

सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पुण्या-मुंबईला परतणाऱ्या माणसाला सोबत न्यायला बेदाणे, हळद आणि भडंग यांची चांगली बांधलेली पुडी पेठेतच मिळाली पाहिजे. आज अनेकजण ती हमरस्त्यावरच्या हॉटेलातून घेतात, याचे मला दरवर्षी वाईट वाटते.

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी ठेवावी का?

काढून टाकावी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीसुद्धा. दोष नसलेला माल बदलून देणे ऐच्छिक आहे, पण ऑनलाइन कंपनी दारातून माल परत नेते हे ज्याने अनुभवले आहे तो ही पाटी वाचूनच साशंक होतो. भाऊबीजेनंतर आठ दिवसांत, बिल आणि घडी शाबूत असल्यास बदलून मिळेल, असे लिहावे. भेट म्हणून दिलेल्या कपड्यांची मापे चुकतातच, आणि बदलायला आलेला भाऊ बहुधा आणखी एखादी वस्तू घेऊन जातो.

भाग्यवान सोडत ठेवावी का?

ठेवायची तर निकाल सर्वांना दिसेल असा जाहीर करावा, कारण सोडतीचा अंतिम निकाल सहभागी ग्राहकांपासून दडवणे याच कायद्याने अनुचित ठरवले आहे. स्वतःपुरते सांगायचे तर मला सोडत आवडत नाही. बक्षिसाच्या दुचाकीचा पैसा शौचालय आणि राखणदार यांच्यावर खर्च झाला असता तर, असे दरवर्षी मनात येते.

परदेशात गावांनी असे गिऱ्हाईक परत आणले आहे का?

काही ठिकाणी आणले आहे, आणि त्यांची अडचण आपल्याहून जुनी आहे. अमेरिकेतला पहिला पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल 1956 मध्ये मिनेसोटा राज्यातील इडायना येथे उघडला. त्याचे वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन हे मूळचे व्हिएन्नाचे. उपनगराला गावच्या चौकासारखी जागा द्यावी असा त्यांचा विचार होता. झाले असे की तशा इमारतींनी जुन्या गावांचे चौक ओस पाडले. तेथील ऐतिहासिक वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय न्यासाने 1980 मध्ये गावांच्या मुख्य रस्त्यांसाठी कार्यक्रम सुरू केला. संघटन, प्रसिद्धी, रस्त्याचे रूप आणि अर्थकारण या चारही बाजूंनी एकाच वेळी काम करायचे, आणि त्यासाठी पगारी माणूस नेमायचा, ही त्याची पद्धत. 2010 मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस या कंपनीने नोव्हेंबरातल्या मोठ्या सवलतीच्या शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी छोट्या दुकानांचा शनिवार पाळण्याची प्रथा सुरू केली.

यातून दोन गोष्टी घेता येतील. दसरा आणि धनत्रयोदशी यांच्यामधला एखादा रविवार पेठेचा म्हणून ठरवावा, आणि दरवर्षी तोच ठेवावा. आणि व्यापाऱ्यांच्या संघटनेने तीन महिन्यांसाठी का होईना, एक पगारी माणूस ठेवावा. आपण सगळे गल्ल्यावरून उठू शकत नाही, त्यामुळे बैठकीत ठरलेले काम कोणाचेच नसते.

रोषणाई आणि कमानींसाठी काय लागते?

महापालिकेची आणि वाहतूक पोलिसांची परवानगी, महावितरणची तात्पुरती जोडणी, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. आकडा टाकून घेतलेल्या विजेवर लावलेले दिवे कोणाच्याही दुकानासमोर नसावेत. जुन्या लाकडी माड्या, कापडाचे तागे आणि उघडे जोड एकत्र आले तर अग्निशमनाची गाडी गर्दीतून येईपर्यंत काही उरत नाही.

दुकाने रात्री किती वाजेपर्यंत उघडी ठेवावीत?

2017 च्या राज्य कायद्याने आठवड्याचे सातही दिवस दुकान उघडे ठेवता येते, मात्र ज्या दुकानांना तो कायदा पूर्ण लागू होतो तेथे कामगाराला साप्ताहिक सुटी द्यावी लागते आणि जादा कामाचे दुप्पट वेतन द्यावे लागते. ही दुसरी अट अनेकांना ऐकू येत नाही. रात्री अकरापर्यंत दुकान उघडे ठेवण्यापेक्षा दुपारी एक ते चार बंद ठेवण्याची सवय सणापुरती मोडणे जास्त उपयोगाचे आहे, कारण एसटीचे गिऱ्हाईक नेमके त्याच वेळी पेठेत असते.

पुराची भीती असताना सणाचा माल आधी भरावा का?

पाणी चढते ते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि सणाच्या मालाची मागणी नोंदवण्याची वेळही नेमकी तीच. माल सप्टेंबरमध्ये दोन टप्प्यांत घ्यावा, आधी आलेला वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या गोदामात ठेवावा, आणि विम्याच्या कागदात पुराचा उल्लेख आहे ना, तो माल ज्या पत्त्यावर ठेवला आहे तोच पत्ता लिहिलेला आहे ना, हे वाचून पाहावे. 2019 मध्ये काहींचा माल एका पत्त्यावर आणि विमा दुसऱ्या पत्त्यावर होता.

खर्च कोणी आणि किती करायचा?

वर्गणी दुकानाच्या दर्शनी रुंदीवर ठरवावी. सरसकट सारखी पट्टी काढली की पाच फुटांचा बांगडीवाला नाराज होतो आणि तीस फुटांचे शोरूम खूश होते. हिशेब भाऊबीजेनंतर चौकातल्या फळ्यावर लावावा.

प्रयत्न लागू पडले की नाही, हे कसे कळणार?

विक्रीचा आकडा कोणी खरा सांगत नाही, त्यामुळे तो विचारूच नये. गल्ल्याजवळ दोऱ्याने बांधलेली एक वही ठेवावी आणि तीत तासातासाला चार खुणा कराव्यात: पायरी चढलेली माणसे, त्यांपैकी बिल झालेली, त्यांतली बाहेरगावची, आणि "पार्किंग मिळाले नाही" असे म्हणालेली. कामगाराला याचा कंटाळा येतो, म्हणून चहाच्या वेळी मालकाने स्वतः लिहावे. दसऱ्याच्या आधीचा एक आठवडाही याच पद्धतीने लिहून ठेवला नसेल तर तुलना कशाशी करणार, हा प्रश्न उरतो. भाऊबीजेनंतर लगेच सगळ्या गल्लीच्या वह्या एकत्र मांडून बसावे, कारण तुळशीची लग्ने लागली की बस्ते सुरू होतात आणि मग गादीवरून उठायला कोणाला सवड नसते.